बिनवायरीचं बटण

बटणाच्या मागे वायरच नव्हती.

मी गाडीच्या पुढच्या सीटपाशी उताणी पडले होते, डोकं डॅशबोर्डच्या पोटात, टॉर्च दातात. गाडी पुण्याहून रेल्वेच्या वाघिणीतून राजस्थानच्या वाळवंटापर्यंत हादरे खात आली होती, म्हणून चाचणीच्या सकाळी मी एकेक जोड बोटाने ओढून बघत होते. माझी सवयच ती. एखादी वायर सुटलेली सापडली असती तर मी ती बसवली असती आणि चहाला गेले असते. पण सुटलेली वायर वेगळी आणि सोडवलेली वायर वेगळी. इथे कुणीतरी टोक छान कापलं होतं, त्यावर काळी टेप गुंडाळली होती आणि बाकीच्या वायरींच्या जुडग्यात ते नीट बांधून ठेवलं होतं. उंदराने कुरतडलं म्हणायचीही सोय ठेवली नव्हती.

आणि वर डॅशबोर्डवर लाल झाकणाचं बटण अगदी झोकात बसलेलं. त्याखाली पांढऱ्या अक्षरात लिहिलेलं, ‘शांत’.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आता हे बटण कशाचं होतं ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई एका बटणापायी एवढी का पेटली. आम्ही सैन्यासाठी टेहळणीची गाडी बनवत होतो. तिच्यात डिझेलचं इंजिनही होतं आणि विजेची मोटरही. लांबचा रस्ता इंजिनावर कापायचा, वाटेत बॅटरी भरून घ्यायची, शत्रू जवळ आला की इंजिन बंद करून मोटरवर सरकत जायचं. वाळूवर टायर फिरल्याची तेवढी कुजबुज. मग एखाद्या खोलगट जागी थांबायचं, कॅमेऱ्याचा दांडा वर काढायचा आणि समोर काय चाललंय ते वायरलेसवर मागे कळवत राहायचं. आमच्या कारखान्यातली पोरं तिला मांजर म्हणायची. चार वर्षं आम्ही त्या मांजरीच्या मागे होतो.

पहिल्या नमुन्यात एक गोष्ट आम्ही बाजारातल्या मोटारीसारखी केली होती. बॅटरी उतरत आली की गाडीतला कॉम्प्युटर आपणहून इंजिन सुरू करायचा. शहरातल्या गाडीत हे सोयीचंच असतं. पहिल्या चाचणीला सुभेदार इंगवले म्हणून गृहस्थ आले होते, दहिवडीकडचे, सैन्यात सगळं आयुष्य टेहळणीतच गेलेलं. इंजिन आपोआप सुरू झालं तेव्हा ते गाडीतून खाली उतरले, बॉनेटकडे बघत उभे राहिले आणि मला म्हणाले, “ताई, हे इंजिन कुणाला विचारून सुरू झालं?”

मी समजावायला लागले, की बॅटरी पार उतरली तर ती कायमची मरते, तिला वाचवायला हवं वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, समोर दुश्मन बसलाय आणि इंजिन गुरगुरलं तर कोण वाचलं, बॅटरी का आम्ही? त्या दिवशी मी त्यांना शब्द दिला, की पुढच्या गाडीत इंजिन तुम्हाला विचारल्याशिवाय सुरू होणार नाही. बॅटरी मेली तर मरू दे.

ते हे बटण. ते दाबलेलं असेपर्यंत काहीही झालं तरी इंजिन गप्प बसणार. मी स्वतः त्याची वायर ओढली होती.

मी गाडीतून निघाले ती तडक शामियान्याकडे. तिथे पाहुण्यांसाठी खुर्च्या, गालिचे, समोसे, सगळा थाट मांडलेला होता आणि मध्ये आमचे देवळाणकर सर कागदी कपातला चहा घेत उभे होते. देवळाणकर म्हणजे प्रकल्पाचे प्रमुख. माणूस हुशार, गोड बोलणारा, आणि हाताखालच्या प्रत्येकाला ‘बाळ’ म्हणणारा. माझी पस्तिशी उलटली होती तरी मी बाळच. त्यांनीच मला नोकरीत घेतलं होतं, त्यांच्याकडूनच मी काम शिकले, हे मी नाकारत नाही. म्हणून तर जास्त चीड येत होती.

“सर, बटणाची वायर कुणी कापली?”

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, माझं कोपर धरलं आणि मला शामियान्याच्या मागे नेलं. वाटलं, आता कानावर हात ठेवतील. पण नाही, साहेब चक्क हसले.

“मीच सांगितलं कापायला. बाळ, तू आधी शांत हो.”

मग त्यांनी मला कारण सांगितलं. बॅटरी बनवणाऱ्या परदेशी कंपनीचं पत्र आलं होतं, की असं बटण ठेवणार असाल तर वॉरंटी विसरा. एकदा पार उतरली की नवी घालायची, तीही आपल्या खर्चाने. एवढा खर्च आमच्या मालकांना झेपणारा नव्हता. आणि बटण काढून टाकलं तर सैन्यवाले विचारणार, आमचं बटण कुठे गेलं. म्हणून बटण ठेवलं आणि वायर काढली. त्यांच्या मते दोन्ही पक्ष खूश.

मी म्हटलं, सर, हे खोटं आहे. तर म्हणाले, खोटं कुठे, बटण आहे की समोर.

आणि वर मला आमच्या कारखान्यातल्या पंख्यांची गोष्ट ऐकवली. ती मला ठाऊक होती, सगळ्यांनाच ठाऊक होती, त्यांची फार आवडती गोष्ट. फार पूर्वी जोडणीच्या शेडमध्ये कामगारांची रोज कुरकुर चालायची. कुणाला पंखा जोरात हवा, कुणाला हळू. देवळाणकरांनी प्रत्येक खांबावर एकेक रेग्युलेटर बसवला आणि तो कशालाच जोडला नाही. कामगार येता-जाता तो फिरवायचे आणि कुरकुर थांबली. “माणसाला वारा नको असतो बाळ, फिरवायला काहीतरी हवं असतं,” असं म्हणून ते प्रत्येक वेळी हसायचे, आणि आम्हीही मान डोलवायचो. त्या दिवशीही ते हसले.

“सर, पंख्यावाचून फार तर घाम येतो. इथे माणसं मरतील.”

“आज कोण मरतंय? आज नुसती चाचणी आहे. बॅटरी दुपारच्या जेवणापर्यंत आरामात टिकते आणि चाचणी त्याच्या कितीतरी आधी संपते. इंजिन सुरू व्हायची वेळच येणार नाही. एकदा पसंती मिळू दे, मग पुण्यात बसून काढू काहीतरी मार्ग.”

मी सांगितलं, मला अर्धा तास द्या, मी वायर जोडते. तेव्हा त्यांचा आवाज बदलला. म्हणाले, गाडीला हात लावलास तर आज संध्याकाळच्या गाडीने परत जा आणि सोमवारी कामावर येऊ नकोस. शेडमधली सगळी माणसं या ऑर्डरकडे डोळे लावून बसली आहेत, त्यांच्या पोरांच्या तोंडचा घास तुझ्या एका वायरीसाठी काढून घेणार का? हे बोलताना त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. त्या माणसाचं हेच होतं, स्वतःची थाप त्याला स्वतःलाच आधी पटायची.

मी मग सरळ कर्नल वानखडेंकडे निघाले. ते चाचणीचे प्रमुख, उंच, मितभाषी, सारखे घड्याळ बघणारे. दिल्लीहून आलेल्या पाहुण्यांना नकाशा दाखवत होते. मी “सर, एक मिनिट” म्हणाले आणि त्यांनी मान वळवलीसुद्धा. तेवढ्यात देवळाणकर मागून आलेच. माझ्या खांद्यावर हात ठेवून बापाच्या मायेने म्हणाले, “आमची रोहिणी. रात्रभर गाडीपाशी बसून होती हो. ऊन बाधलंय तिला, जरा सावलीत बसवतो.”

कर्नलांनी काळजीने माझ्यासाठी पाणी मागवलं. पाहुण्यांमधल्या एका बाईंनी लिंबूसरबताचं नाव काढलं. मी म्हणत होते, मला काही झालेलं नाही, आणि मी जितक्या जोरात म्हणत होते तितकं त्यांना माझ्या डोक्यावर ऊन चढल्याचं पटत होतं. रागावलेल्या बाईला वेडी ठरवायला वेळ लागत नाही. देवळाणकरांनी मला खुर्चीत बसवलं, हातात पाण्याचा पेला दिला. तो पेला त्यांच्या डोक्यावर रिकामा करावा असं फार वाटलं. केला नाही, याचं आजही वाईट वाटतं.

ते पाहुण्यांकडे वळल्याबरोबर मी उठले आणि गाडीकडे गेले.

गाडीत तिघे बसले होते. पुढे इंगवले, चालकाच्या जागी गोंदियाकडचा उईके, मागे कॅमेऱ्यावर बिश्त नावाचा पहाडी गडी. तिघांच्या अंगावर पूर्ण सामान, शिरस्त्राणं, पट्टे. निघायच्या तयारीत होते. मी इंगवल्यांच्या दारापाशी गेले आणि प्रस्तावना वगैरे काही न करता बोलले.

“सुभेदारसाहेब, या बटणाला वायर नाही. मी लावली होती, ती कापलीय. मी तुम्हाला दिलेला शब्द आज या गाडीत नाही.”

उईकेने त्याच्या बोलीत एक सणसणीत शिवी हासडली. इंगवल्यांनी त्याला हाताने गप्प केलं. बटणाचं लाल झाकण उघडलं, खाली केलं, पुन्हा उघडलं.

“कर्नलसाहेबांच्या कानावर घातलं?”

“बोलू दिलं नाही मला.”

“आणि बॅटरी कधीपर्यंत तग धरंल?”

मी सांगितलं, पाहुण्यांची जेवणं होईपर्यंत. चाचणी त्याच्या आधीच उरकते, म्हणूनच यांना एवढं धाडस झालं. ते नुसतं “हं” म्हणाले. मी वाट बघत राहिले. वाटलं, आता उतरतील, आता कर्नलांकडे जातील, त्यांच्या शब्दाला वजन आहे. पण त्यांनी हनुवटीखाली पट्टा आवळला आणि म्हणाले, “बरं झालं सांगितलंत. आता बाजूला व्हा ताई, निघायची वेळ झाली.”

आणि मांजर निघून गेली. आवाज नाही, धूर नाही. शामियान्यातून कौतुकाच्या टाळ्या वाजल्या. मी वाळूत उभी राहून मनातल्या मनात त्या सुभेदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. म्हटलं, हाही त्यातलाच. ज्याच्यासाठी मी एवढं जिवावर उदार होऊन सांगितलं तो याचाच जीव होता ना?

चाचणी म्हणजे एक लुटुपुटीची लढाई होती. समोरच्या टेकाडावर एक तुकडी शत्रू म्हणून सोडलेली होती. गाडीने त्यांच्या जवळ जाऊन खेजडीच्या झाडांआड दडायचं, ठरलेला वेळ पाहणी करायची आणि न सापडता परत यायचं. दंडाला पांढरी पट्टी बांधलेला एक मेजर पंच होता. कोण जिवंत, कोण मेलं, हे तो सांगेल ते. आणि सैन्यात या खेळाचा नियम कडक असतो. पंचाने मेला म्हटलं की माणूस मेला. तिथून पुढे सराव संपल्याचं जाहीर होईपर्यंत त्याने आडवं व्हायचं आणि अवाक्षर बोलायचं नाही.

सगळं झकास चाललं. शामियान्यातल्या पडद्यावर मांजरीच्या कॅमेऱ्यातली चित्रं येत होती. शत्रूची माणसं इतकी जवळून दिसत होती, की एकाने तंबाखू मळलेली दिसली आणि पाहुणे खुदकन हसले. शत्रू मात्र दुर्बिणी लावून भलतीकडेच बघत होता. देवळाणकर प्रत्येकाशी हात मिळवत फिरत होते. वेळ संपली, वायरलेसवर परतीचा हुकूम गेला, पुन्हा टाळ्या झाल्या.

गाडी आली नाही.

थोड्या वेळाने इंगवल्यांचा निरोप आला, अगदी दबक्या आवाजात. शत्रू पुढ्यात आहे, आत्ता हललो तर दिसू, इथेच थांबतो. कर्नल म्हणाले, ठीक. देवळाणकर हसत म्हणाले, वा, काय बाणेदार माणूस आहे, पण आता चाचणी झाली ना, बोलवा परत, जेवायची वेळ झाली. कर्नलांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि सांगितलं, की टेहळणीवर गेलेला माणूस कधी निघायचं ते तो स्वतः ठरवतो, मी नाही. तुमच्या गाडीत तर त्यासाठी खास बटण आहे असं ऐकलंय.

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. खुर्चीत मी ताठ झाले.

पाहुण्यांची जेवणं सुरू झाली. देवळाणकरांनी ताट घेतलं आणि तसंच ठेवलं. एकदा घड्याळ, एकदा पडदा, एकदा मी. दोनदा ते कर्नलांकडे गेले, उन्हाचं निमित्त सांगितलं, पाहुण्यांच्या विमानाचं निमित्त सांगितलं. कर्नल “हो हो” म्हणत जेवत राहिले. शेवटी ते माझ्याजवळ येऊन वाकले.

“तू सांगितलंस त्याला.”

“सांगितलं.”

“बाळ, तुला कळतंय का तू काय केलंस?”

मी म्हटलं, मला बाळ म्हणू नका, मी तुमची कुणी नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना असं बोलले आणि मला फार बरं वाटलं.

गोडाची वाटी फिरत होती तेव्हा इंजिन सुरू झालं. एवढ्या लांबून, एवढ्या सपाट माळावर, ते अगदी शेजारी सुरू झाल्यासारखं ऐकू आलं. पडद्यावरच्या त्या तंबाखूवाल्या शिपायाने मान वळवली आणि तो सरळ आमच्याकडेच बघायला लागला. मग सगळी तुकडी धावत सुटली. पडदा भरून माणसं दिसली, हातात बंदुका, तोंडं उघडी. मग पांढऱ्या पट्टीचा दंड दिसला आणि वायरलेसवर पंचाचा कोरडा आवाज आला. टेहळणी गाडी सापडली, गाडीतले तिघेही ठार.

एका पाहुण्याचा चमचा वाटीला लागला तेवढाच आवाज.

पंच स्वतः गाडी चालवत शामियान्यासमोर घेऊन आला. मागून ते तिघे चालत आले. पंचाने बोट दाखवलं तिथे, गालिच्याच्या कडेला, भर उन्हात, तिघेही ओळीने आडवे झाले. इंगवले मध्ये. शिरस्त्राणं काढून छातीवर ठेवली आणि डोळे उघडे ठेवून आभाळाकडे बघत पडून राहिले.

देवळाणकरांना काय वाटलं कोण जाणे. धावत पुढे गेले, हसत म्हणाले, “अहो सुभेदारसाहेब, झालं, झालं. उठा आता. जेवून घ्या, थंड ताक घ्या.”

इंगवल्यांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. उईकेच्या गालावर माशी बसली होती, ती त्याने हाकलली नाही. देवळाणकरांनी हात पुढे केला, तो तसाच हवेत राहिला.

“मेलेली माणसं ताक पीत नाहीत, देवळाणकर,” कर्नल मागून म्हणाले. “बटण चाललं नाही का?”

देवळाणकर बोलायला लागले. वाळवंटातली धूळ, रेल्वेचे हादरे, एखादा जोड सैल झाला असण्याची शक्यता, थोडी तांत्रिक बाब. वाक्यामागून वाक्यं, एकाहून एक गुळगुळीत. मी उठले. ऊन बाधलेली बाई आहे हे सगळ्यांना सकाळीच कळलेलं होतं, त्यामुळे मला आता कशाचीच भीड नव्हती.

“सैल काही झालेलं नाही, सर. वायर कापलेली आहे. मुद्दाम कापलीय, बॅटरीची वॉरंटी जाऊ नये म्हणून. मी सकाळी हेच सांगायला आले होते.”

कर्नल माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी मला पाजलेलं पाणी त्यांना आठवलं असणार, कारण त्यांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता चाचणी मोडीत निघाली, चार वर्षं वाळूत गेली. पण त्यांनी देवळाणकरांना एक शब्दही विचारला नाही. मला विचारलं, वायर जोडायला किती वेळ लागेल. मी सांगितलं, फार नाही.

“मग जोडा. बॅटरी भरा, दुसरे तिघे घेऊन गाडी पुन्हा तिथे जाईल, पुन्हा दडून बसेल. सराव संपलेला नाही.” आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाले, “सराव संपेपर्यंत हे तिघे इथेच राहतील. कुणाला घाई असेल त्यांनी यांच्या बाजूने जावं, ओलांडून जाऊ नये.”

कुणी गेलं नाही. खुर्च्यांवर सगळे अवघडून बसले. मी हत्यारं घेऊन पुन्हा त्या डॅशबोर्डच्या पोटात शिरले. बाहेर तापलेल्या वाळूवर तीन धडधाकट माणसं मढ्यासारखी पडली होती आणि त्यांना तसं पाडणारा माणूस ताकाची गोष्ट करत होता. मी टेप ओरबाडून काढली.

दारापाशी सावली पडली. देवळाणकर गुडघ्यांवर बसले होते. घामाने सदरा पाठीला चिकटलेला, आवाज अगदी बारीक.

“रोहिणी, ऐक. ती जोडलीस की वॉरंटी गेली. करारात स्वच्छ लिहिलंय. बॅटरी गेली तर आपण भरपाई कुठून करणार? मालकांना मी काय सांगू?”

“मालकांना काय सांगायचं ते नंतर बघा,” मी म्हटलं. “आधी त्या तिघांना सांगा. समोरच पडलेत. जा, सांगा त्यांना, वॉरंटी जात होती म्हणून.”

ते उठले. मला वाटलं नव्हतं, पण ते खरोखर गेले. बहुधा त्यांना वाटलं असेल की जमेल, त्यांना नेहमीच सगळं जमत आलं होतं. इंगवल्यांच्या उशापाशी जाऊन उभे राहिले, घसा साफ केला.

“सुभेदारसाहेब, त्याचं असं आहे, की...” ते म्हणाले.

पुढचं वाक्य आलं नाही. मी पकड हातात धरून ऐकत होते. पाहुणे ऐकत होते, कर्नल ऐकत होते. त्यांनी पुन्हा एकदा, “त्याचं असं आहे,” म्हटलं आणि पुन्हा थांबले. इंगवले उघड्या डोळ्यांनी वर बघत राहिले, आणि देवळाणकर सर तिथेच उन्हात उभे राहिले.